वर्षाला चार बोटं

आमच्या माळाच्या रानाला वरच्या अंगानं एक बांध आहे. लांबी म्हणाल तर चारशे फूट. वर चुलतभावाचं रान, खाली आमचं. आजोबा आणि चुलत आजोबा वेगळे झाले तेव्हा पंचांनी दोन टोकांना दोन दगड रोवले आणि दगडाच्या दोन्ही अंगांना चार चार फूट सोडून आठ फुटांचा बांध घातला. बैलगाडी जाईल एवढा. बांधाच्या मधोमध, दगडाच्या ओळीत, एक लिंबाचं झाड होतं. शहरातली माणसं त्याला कडुलिंब म्हणतात, आमच्यात नुसता लिंब.

मला ह्या बांधाविषयी लिहायचं आहे आणि सुखाविषयीही. आमच्या गावच्या सप्ताहात दरवर्षी एक तरी कीर्तनकार सांगतो, की बाबांनो, चांगलं वागा, सुखी व्हाल. समोर बसलेले आम्ही माना हलवतो. मी तर चाळीस वर्षं हलवली. पण चांगलं वागल्यावर सुख येतं म्हणजे नेमकं काय येतं, कुठनं येतं, हे कुणी फोडून सांगत नाही. मला जेवढं कळलं तेवढं ह्या बांधावर कळलं, तेही उशिरा.

आधी आमच्या वडिलांचं सांगतो. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आण्णा आणि आई खडी फोडायला जायची, घरात तांबड्या मिलोची भाकरी. आण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सातबाऱ्यावर अंगठा. त्यांनी मला मूल्य वगैरे कधी काही सांगितलं नाही. मूल्य हा शब्द त्यांना बाजारभाव ह्या अर्थानंसुद्धा माहीत नसावा. पण नांगर धरला की बांधाकडंला आल्यावर ते एक तास अलीकडंच बैल वळवायचे. मी बैलांच्या पुढं चालायचो. चौदा-पंधरा वर्षांचा असेन, एकदा म्हणालो, "आण्णा, एक तास ऱ्हायलं की."

"ऱ्हाऊ दे. त्ये बांधाचं हाय."

एवढंच. रानाच्या चार तुकड्यांत चारी बांधांना ते असं एक तास सोडायचे. मला तेव्हा तो अडाणीपणा वाटायचा. १९७७ ला मी दहावी झालो, गुंठ्याचे चौरस फूट १०८९ हे मला पाठ होतं, आणि आण्णा किती जागा वाया घालवतात ह्याचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केलेला होता.

आण्णा १९९० ला गेले. पुढच्या उन्हाळ्यात नांगर माझ्या हातात आला आणि मी ते सोडलेलं तास घेतलं. ते आमचंच होतं, त्यात पाप नव्हतं. पण शेतकऱ्याचा हात एकदा बांधाकडं सरकला की तो तिथं थांबत नाही. पुढच्या वर्षी नांगराचा फाळ बांधाच्या पायाला लागला आणि चार बोटं माती रानात ढासळली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी चार बोटं. कुणी मोजायला येत नाही. वर गवत तसंच असतं, बांध दिसायला बांधच असतो. बांध कोरणारा माणूस एका रात्रीत काही करत नाही म्हणूनच त्याला कुणी चोर म्हणत नाही.

वरच्या रानात बघायला कुणी नव्हतं हेही खरं. आमच्या माण-खटाव, आटपाडी-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यावर देशभर पांगलेली आहेत, सोनंचांदी गाळायचं काम. माझा चुलतभाऊ तसाच तमिळनाडूत गेला होता. रान वाट्यानं लावलेलं. वाटेकरी काय बांध राखणार? भाऊ १९९८ ला तिकडंच छातीच्या दुखण्यानं गेला आणि वैनी दोन पोरं घेऊन परत गावी आली. मला वाटलं आता ती बांधाचं काही बोलेल. ती बोलली नाही. हुरड्याच्या दिवसांत ताटभर हुरडा आमच्याकडं पाठवायची, तेवढं मात्र चुकलं नाही.

ह्याच काळात मी माळ घातली. १९९४ च्या आषाढीला, पंढरपुरात. मटण सोडलं, तंबाखू सोडली, एकादशी धरली. गावात लोक मला माळकरी म्हणून मान द्यायला लागले. भाऊबंदांच्या तंट्यात मला पंच म्हणून बोलवायचे आणि मी तिथं सांगायचो, की अरे, माती वर घेऊन जायची आहे का कुणाला? हे सांगत असताना मला माझा बांध आठवायचा नाही. खरंच नाही. माणूस ढोंगी असतो म्हणजे त्याला आपलं ढोंग माहीत असतं असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवानं तसं नसतं. मटण सोडलेलं रोज जेवताना आठवायचं, कारण ते सोडायला जड गेलं होतं. बांध वर्षातनं एकदा, नांगरटीच्या दिवशी यायचा, आणि चार बोटांचाच यायचा.

२००७ साल मला पक्कं आठवतं. बैल विकून आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर लावायला लागलो होतो. ओढ्याकडच्या टोकाला ड्रायव्हर थांबला आणि ओरडला, "मालक, दगुड आडवा येतोय." तो पंचांनी रोवलेला दगड. म्हणजे आमच्या वाट्याचा चार फूट बांध सोळा वर्षांत खाऊन झाला होता आणि आता फाळ हद्दीवर आला होता. तोपर्यंत मी माझंच खात होतो असं म्हणायला जागा होती. मी म्हणालो, "घे बाजूला." त्यानं पहारीनं दगड हलवला आणि बांधावर आडवा टाकला. आयुष्यात मी ज्या गोष्टी केल्या त्यांत ही सगळ्यात वाईट, आणि तिला दोन शब्द पुरले. दुसऱ्या टोकाचा दगड गाडीवाटेला लागून होता, ट्रॅक्टर तिथं वळायचा म्हणून तो वाचला. लिंबाला वळसा घालून नांगरट व्हायला लागली.

हिशेब मी नंतर केला, तो इथं मांडतो. पंचवीस वर्षांत सहा फूट बांध गेला. सहा गुणिले चारशे, चोवीसशे चौरस फूट, म्हणजे सव्वादोन गुंठे धरा. त्यातला हद्दीपलीकडचा, म्हणजे खरा चोरीचा, दोन फूट. आठशे चौरस फूट. पाऊण गुंठासुद्धा नाही. आमचं रान कोरडवाहू, शाळू चांगला पिकला तर एकरी पाच क्विंटल. म्हणजे पाऊण गुंठ्याला नऊ किलो. तेही शेवटच्या वर्षी, आधी त्याहून कमी. आणि बांधाकडचं पीक लिंबाच्या सावलीनं आणि मुळ्यांनी खुरटलेलं असतं ते वेगळंच. वर्षाला नऊ किलो ज्वारी! एवढी तर आमच्या खळ्यावर चिमण्या खात असतील. आमच्या गावात दोन सख्ख्या भावांनी एका गुंठ्याच्या बांधासाठी कोर्टात जाऊन तीन गुंठे विकले, त्यांना मी हसायचो.

आता खरी गोष्ट लिहायची तर ही, की ह्या पंचवीस वर्षांत मी दुःखी नव्हतो. झोप उडाली होती, जेवण गोड लागत नव्हतं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मला झोप छान लागायची. पोरगी उजवली, पोराला आयटीआय केलं, विहिरीवर मोटर बसवली. वाईट वागणारा मनातनं जळत असतो हे कीर्तनकाराचं म्हणणं निदान माझ्यापुरतं खरं निघालं नाही. वेगळीच एक गोष्ट झाली होती आणि ती माझ्या ध्यानात आली नव्हती. ती सांगतो, पण आधी घरातलं एक सांगायचं आहे, कारण त्यातनंच मला दुसऱ्या बाजूचं कळलं.

आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप असायचा. गावकुसाबाहेरची माणसं कामाला आली की त्यांना चहा त्या कपात, आणि त्यांनीच तो धुऊन ठेवायचा. आई वाईट नव्हती. त्यांच्या पोरांना ती जुनी कपडे द्यायची, आजारपणात भाकरी पाठवायची. पण कप वेगळा. आमच्या घरीच नव्हता, सगळ्या गावात असाच होता. मी दहावीच्या पुस्तकात समता शिकलो होतो, चवदार तळ्याचा धडा मला येत होता, आणि कोनाड्यातला कप मी रोज बघत होतो. दोन्ही एकाच डोक्यात राहायचं.

१९८३ ला माझं लग्न झालं. घरची सातवी शिकलेली. दुसऱ्या वर्षी सुगीत कामाला बायका होत्या. तिनं काय केलं, तो कप आणून घरातल्या कपांत मिसळला. त्याच्या शेजारी तसाच आणखी एक कान तुटलेला होता, घरातलाच. आईला कळेना कुठला कुठला. विचारलं तर ही म्हणाली, "आत्याबाई, धुताना मिसळला वो. आता कसा वळखायचा?" आई आठ दिवस तांब्यातनं चहा प्याली. नवव्या दिवशी तांब्या भाजतो म्हणून कपावर आली. घरात ना भांडण झालं ना भाषण. त्या सुगीत कामाला आलेल्या बायकांपैकी एक म्हातारी परवा-परवापर्यंत आमच्या ओसरीवर येऊन बसायची आणि चहा मागून घ्यायची. मागून घ्यायची, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मी एकदा घरच्या मंडळींना विचारलं, की तुला तेव्हा बरं वाटलं होतं का? ती म्हणाली, "बरं कसलं, भ्या वाटत हुतं. आत्याबाई काय म्हंतील म्हून." मग म्हणाली, "पर नंतर गोठ्यात जायचं सोपं झालं." तिचं हे बोलणं मी तेव्हा सोडून दिलं. गोठ्यात जायचं सोपं झालं म्हणजे काय, ते मला लिंब पडल्यावर कळलं.

२०१५ च्या मे महिन्यात वळवाचा मोठा पाऊस झाला. वारा असा की आमच्या शेडचे दोन पत्रे उडाले. सकाळी पोरगा सांगत आला, "दादा, बांधावरचा लिंब पडला." जाऊन बघतो तर लिंब मुळासकट आमच्या रानात आडवा. पडायचाच होता. आमच्या अंगानं मी त्याच्या बुडाशी इतकी वर्षं माती कापत आलो होतो, मुळं उघडी पडून तुटलेली, झाड नुसतं वरच्या अंगाच्या मुळांवर उभं होतं. नुसतं झाड गेलं नाही. बांध दोनच फुटांचा राहिलेला, वरच्या रानातलं पाणी साठून तो पन्नास-साठ फूट फुटला होता आणि वैनीच्या रानातली वरची काळी माती वाहून आमच्या रानात पसरली होती. घोट्याएवढा थर. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. बांध हा काही नुसता हद्दीसाठी नसतो, तो पाणी आणि माती धरून ठेवतो. माळाच्या रानात तीच काळी बोटभर माती म्हणजे सगळी इस्टेट. पंचवीस वर्षांत मी जेवढी नेली नव्हती तेवढी त्या एका रात्रीनं मला आणून दिली.

मी वैनीकडं गेलो. म्हणालो, "वैनी, लिंब पडला. लाकूड निम्मं निम्मं करू."

ती ज्वारी पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या रानात पडलाय नव्हं? तुमचाच की मग."

तिनं टोमणा मारला की सरळ सांगितलं हे मला आजही ठरवता येत नाही. मी परत रानात आलो आणि लिंबाच्या खोडावर बसलो. तिथं बसल्यावर ध्यानात आलं, की मी ह्या जागेवर कित्येक वर्षांत बसलेलोच नाही. आण्णा रोज दुपारची भाकरी लिंबाखाली खायचे. मीही लहानपणी तिथंच खाल्ली. शिवारात त्याच्याएवढी गार सावली दुसरी नव्हती. आणि मी? मी भाकरी विहिरीवर खायचो, पत्र्याच्या पंपघराच्या सावलीला, जिथं पत्रा तापून अंगावर वाफ यायची. कधीपासनं? कुणी मला मनाई केली नव्हती. मी कधी ठरवलंही नव्हतं. पण बांधाकडंला जाणं आपोआप सुटलं होतं. सप्ताहाला जाताना वैनीच्या दारावरनं सरळ वाट असताना मी मारुतीच्या मागनं वळसा घालायचो, तेही तेव्हाच ध्यानात आलं. साडेतीन एकराच्या रानातला आणि चारशे उंबऱ्यांच्या गावातला एकेक तुकडा मी स्वतःच स्वतःला बंद करून घेतला होता. आणि हे सगळं वर्षाच्या नऊ किलोंसाठी.

माझ्या नातीला शाळेत मूल्यशिक्षणाचा तक्ता होता, दहा मूल्यांचा. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता अशी. ती घडाघडा म्हणून दाखवायची. त्यात बांध नव्हता. तक्त्याला नावं ठेवायची नाहीत मला, पोरांना शब्द तरी कळतात. पण शब्द पाठ असणारा मीही होतोच की.

दुसऱ्या दिवशी खोरं, टिकाव आणि दोन पाट्या घेऊन गेलो. पोरगा म्हणाला, "दादा, आधी मोजणी करून घेऊ. कदाचित आपलंच वर निघंल." मी त्याला म्हणालो, मोजणी तिथं करायची जिथं माहीत नसतं. तो दगड कुणी काढला ते मला माहीत आहे. त्याला पटलं नाही. बापाचं डोकं फिरलं असं त्यानं आईला सांगितलं, आणि ती त्याला म्हणाली, की मग पाटी उचलायला जा, डोकं फिरलेल्या माणसाला एकट्याला सोडू नये. तो आला, पण तिसऱ्या दिवशी.

गाडीवाटेच्या दगडापासनं लिंबाच्या खड्ड्यापर्यंत सुतळी ताणली आणि तीच ओळ पुढं ओढ्यापर्यंत नेली. बांधावर आडवा पडलेला दगड ओळीत पुन्हा रोवला. वाहून आलेली माती पाट्यांनी वर टाकली. माती उतरताना आपोआप येते, चढवताना पाटीपाटीनं चढवावी लागते. पंचवीस दिवस लागले. मधे दोन दिवस कंबर धरली म्हणून पडून होतो. पाण्याला वाट म्हणून ओढ्याच्या टोकाला दगडाची सांड बांधली, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच.

आता सुखाचं. पहिले पंधरा दिवस सुख वगैरे काही नव्हतं, कंबरदुखी होती. वर गावात चर्चा. कुणी म्हणालं, ह्याला वैनीच्या रानातनं पाईपलाईन न्यायची असणार. कुणी म्हणालं, इलेक्शनला उभा राहतोय. चांगलं काम करताना माणसं पाठ थोपटतात हाही एक गैरसमज. माझ्या पंचवीस वर्षांच्या बांध कोरण्यावर कुणी शब्द काढला नव्हता आणि पंचवीस दिवसांच्या माती टाकण्यावर सगळं गाव बोललं. खुद्द वैनी एका संध्याकाळी बांधावर आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, काय पायजे तुमास्नी?"

मी म्हणालो, "काय न्हाई."

"खरं सांगा. वाट पायजे का?"

मग मी तिला सांगितलं. दगडाचं, ट्रॅक्टरचं, सगळं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "म्हायती हाय मला. दगुड पडल्याला मी तवाच बघिटला. पोरं ल्हान हुती, तुमच्याशी वाकडं घिऊन गावात कशी ऱ्हाऊ?" आणि पदर खोचून निघून गेली. ती हुरडा का पाठवत होती ह्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. मी त्याला प्रेम समजत होतो. त्यात भीतीही होती. माती परत टाकता येते, ही गोष्ट परत टाकता येत नाही, आणि बांध पुरा झाला म्हणून माझा हिशेब मिटला असं मी मानत नाही.

त्या पावसाळ्यात खड्ड्याच्या जागी लिंबाचं रोप लावलं. लिंब कोरडवाहूत सावकाश वाढतो. आता नऊ-दहा वर्षांत एका माणसापुरती बरी सावली पडते, दुपारी एकच्या सुमाराला थोडं पूर्वेकडं सरकावं लागतं. मी भाकरी तिथं खातो. वैनीची सून रानात असली तर तिच्या डब्यातला ठेचा ती बांधावर ठेवते आणि लांबनंच हाक मारते. वैनी स्वतः येत नाही फारशी. हुरडा अजून येतो, आता मी तो घेताना आत जाऊन दोन शब्द बोलून येतो. सप्ताहाला सरळ वाटेनं जातो. मला जे सुख मिळालं ते एवढंच आहे. एका झाडाची सावली आणि गावातली एक गल्ली. ते मोठं आहे की लहान मला ठरवता येत नाही, पण पंपघराच्या पत्र्याखाली आता मला जेववत नाही.

पोरानं गेल्या वर्षी स्वतःचा ट्रॅक्टर घेतला. नांगरटीच्या दिवशी मी बांधाच्या टोकाला उभा राहायचो. तो हसायचा, "दादा, उन्हात कशाला, सावलीला बसा की." बांधाकडंला आला की एक तास अलीकडंच वळवायचा आणि माझ्याकडं बघायचा. ते त्याचं त्याला पटलंय म्हणून, की म्हातारा उभा आहे म्हणून, हे मला कळायला मार्ग नव्हता. म्हणून यंदा मी गेलो नाही. घरी बसलो. नांगरट होऊन चार दिवस झाले. पोरगा काही बोललेला नाही, मीही विचारलेलं नाही. उद्या सकाळी भाकरी बांधून घ्यायची आणि जायचं असं चार दिवस रोज म्हणतो आहे.